चुन्याचा कण आणि पेशीचे दार

खेड्यातील लहानशा दवाखान्यात देखील खाटेच्या उशाशी टांगलेली सलाइनची बाटली आता कोणास नवलाची राहिलेली नाही. जुलाबाने गळून गेलेले मूल असो, रक्तस्राव झालेली बाळंतीण असो, की शस्त्रक्रिया होऊन आलेला रोगी असो, डॉक्टर नर्सबाईंना सांगतात, "आर. एल. लावा." बाटली लागते, थेंब पडू लागतात आणि घरची मंडळी त्या थेंबांकडे डोळे लावून बसतात. ही दोन अक्षरे कशाची, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यांतील पहिले अक्षर एका माणसाच्या नावाचे आहे. सिडनी रिंगर हे ते गृहस्थ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात ते डॉक्टर होते. दुसरे अक्षर लॅक्टेट नावाच्या क्षाराचे असून तो पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी रिंगर यांच्या पाण्यात मिळविला.

रिंगर रोगी तपासण्याचे काम सांभाळून मिळेल तो वेळ प्रयोगशाळेत घालवीत. बेडकाचे हृदय शरीरातून काढून नळीला बांधावे, त्यातून निरनिराळ्या क्षारांचे पाणी खेळवावे आणि ते किती वेळ ठोके देते हे पाहावे, असा त्यांचा उद्योग चाले. 1882 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, साध्या मिठाच्या पाण्यावर हृदय पुष्कळ वेळ चालू राहते. पुढे एकदा नवे पाणी तयार केले आणि हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबले. मीठ तेच, प्रमाण तेच. मग बिघडले कोठे? शोध घेता असे आढळले की, पहिल्या खेपेचे मीठपाणी ऊर्ध्वपातित शुद्ध पाण्याचे नव्हतेच. ते लंडन शहराला पुरवठा करणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे होते! नळाच्या त्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा अंश होता. शुद्ध पाण्यात तो नव्हता, म्हणून हृदय बंद पडले. शुद्ध पाण्यात चिमूटभर चुन्याचा क्षार घातला, की ते पुन्हा चालू लागे. रिंगर यांनी ही सारी हकीकत 1883 मध्ये जशी घडली तशी छापून टाकली, आणि आपल्या आधीच्या लेखातील निष्कर्ष आपणच दुरुस्त केला. आमच्या मते त्यांच्या थोरवीचा हा भाग शोधापेक्षा कमी नाही. त्यांना आणखीही एक गोष्ट दिसली. कॅल्शियम फार झाले, तर हृदय आखडते आणि सैल होण्याचे विसरते. कमी झाले तर थांबते, जास्त झाले तरी थांबते.

आता, कॅल्शियम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हाडे उभी राहतात. ते खोटे नाही. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 1 किलो कॅल्शियम असते आणि त्यातील 99 टक्के हाडांत व दातांत असते. पानाला लावावयाचा चुना, समुद्रकाठचे शिंपले, अंड्याचे कवच, शाळेचा खडू, ही सारी त्याचीच रूपे. परंतु बेडकाच्या हृदयात हाड नाही. मग तेथे ह्या खडूच्या भावंडाचे काय काम? ह्या एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यात शंभर वर्षे गेली, आणि ते उत्तर असे निघाले की, कॅल्शियम हा शरीरातील निरोप्या आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक पातळ स्निग्ध पडद्याने वेढलेले घर. घराबाहेर जो द्रव असतो त्यात कॅल्शियम मुबलक. घराच्या आत मात्र ते जवळजवळ नाहीच. बाहेरच्या मानाने आत सुमारे 10 हजार पटींनी कमी. हे आपोआप होत नाही. पेशी रात्रंदिवस शक्ती खर्चून, आत शिरलेला प्रत्येक कण उचलून बाहेर टाकीत असते किंवा आतल्या एका कोठीत बंद करून ठेवीत असते. एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण असे दिले जाते की, पेशीच्या आत फॉस्फेट पुष्कळ असते; कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले तर त्यांचा दगड होतो. हाड बनते ते ह्याच दोहोंचे. घरात दगड साचू नये म्हणून पेशीने प्रथम कॅल्शियम बाहेर काढले असावे, आणि मग त्याच रिकामेपणाचा तिने उपयोग करून घेतला. शांत घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. भरल्या बाजारात नगारा वाजला तरी कोणी मान वळवीत नाही. पेशीने आपल्या घरात अशी शांतता राखली आहे. म्हणूनच दार क्षणभर उघडून थोडेसे कॅल्शियम आत आले, की सारे घर दचकून कामाला लागते. स्नायूची पेशी असेल तर ती आखडते, ग्रंथीची असेल तर रस सोडते. माशाच्या अंड्याचे फलन होताच कॅल्शियमची एक लाट त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरत जाते, हे 1970 च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिले. निरोप पोहोचला, की कॅल्शियमला पुन्हा बाहेरची वाट दाखविली जाते आणि घर शांत होते.

हे निरोप्याचे काम मज्जातंतूच्या टोकाशी कसे चालते, ते शोधून काढण्याचे श्रेय ज्यांना आहे ते बर्नार्ड कॅट्झ हे जन्माने जर्मनीतील लाइपझिगचे ज्यू. तेथेच ते वैद्यक शिकले. विद्यार्थिदशेत त्यांनी एक पारितोषिक मिळविले होते. पण हिटलरचे राज्य आले होते आणि ज्यू विद्यार्थ्याला ते उघडपणे देता येईना, तेव्हा प्राध्यापकांनी त्याचे पैसे त्यांच्या हाती खाजगीरीत्या दिले. 1935 मध्ये कॅट्झ देश सोडून लंडनला आले, आणि आले ते नेमके रिंगर यांच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात. मज्जातंतू स्नायूला 'हाल' असे सांगतो ते कसे? तंतूतून विजेचा संकेत टोकापर्यंत येतो. पण टोक आणि स्नायू यांच्यामध्ये फट असते, ती वीज ओलांडीत नाही. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य लहान लहान पुड्यांनी सुटते, ते फट ओलांडते आणि स्नायू हालतो. कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, बाहेरच्या द्रवात कॅल्शियम नसेल तर वीज टोकापर्यंत नीट येऊन देखील पुडी सुटत नाही. निरोप दाराशी येऊन मरतो. त्यांच्याच विभागात डॉज आणि रहामिमॉफ यांनी 1967 मध्ये मोजून पाहिले. कॅल्शियम थोडे असताना ते दुप्पट केले, तर सुटणाऱ्या पुड्या दुप्पट होत नाहीत. सुमारे 16 पट होतात. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मात्रेतला लहानसा फरक परिणामात केवढा मोठा होतो, हे त्यावरून कळते. कॅट्झ यांना 1970 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र जगापुढे.

येथवर सर्वांनी 'दार' हा शब्द अनुमानानेच वापरला होता. पेशीच्या पडद्यात प्रथिनांची सूक्ष्म दारे असावीत, ती उघडझाप करीत असावीत, असे हिशेब सांगत होते. पण एक दार उघडताना कोणी पाहिले नव्हते. ते काम जर्मनीतील गॉटिंगेन येथे दोन तरुणांनी केले. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान ही त्यांची नावे. साकमान हे डॉक्टर. त्यांनी लंडनला कॅट्झ यांच्या हाताखाली काम केले होते. नेहर यांचा जन्म 1944 चा, बव्हेरियातील लांड्सबर्ग गावचा, शिक्षण पदार्थविज्ञानाचे. त्यांचे वडील एका दुग्धव्यवसायाच्या कंपनीत अधिकारी होते. पुढे आम्हांस गाईकडे वळावयाचे आहे, म्हणून हा योगायोग येथे नोंदवून ठेवतो.

अडचण काय होती ती पाहा. एका दारातून जाणारा विजेचा प्रवाह एका अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या काही पटच असतो. आपल्या घरातील जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेई, म्हणजे तुलना करता येईल. इतका क्षीण प्रवाह उपकरणांच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाई. नेहर आणि साकमान यांनी तोडगा काढला तो ऐकावयास अगदी साधा. काचेची नळी तापवून ओढावयाची, म्हणजे तिचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके बारीक होते. हे टोक बेडकाच्या स्नायूवर अलगद टेकवावयाचे. मग पडद्याचा जो इवलासा तुकडा नळीखाली सापडला, त्यात एखाददुसरेच दार असणार. तेवढ्याचाच प्रवाह मोजावयाचा. सबंध गावाचा गलका ऐकण्याऐवजी एकाच घराच्या भिंतीला कान लावावा, तसा हा प्रकार झाला. 1976 मध्ये त्यांनी पहिली नोंद प्रसिद्ध केली. कागदावर उमटलेली रेघ पायरीसारखी होती: एकदम वर, क्षणभर सपाट, एकदम खाली. हे दार ॲसिटिलकोलीनने उघडणारे होते. त्याच्या पायऱ्यांची उंची दर वेळी तीच. लांबी मात्र कमीअधिक, सेकंदाच्या काही हजारांश भागांची. असे दार अर्धवट उघडत नाही. ते बंद असते नाहीतर उघडे असते. निरोपाचे लहानमोठेपण किती दारे किती वेळ उघडली यावर ठरते.

तरीही खरखर पुरती जात नव्हती, कारण काच आणि पडदा यांच्या सांध्यातून प्रवाह गळत होता. 1980 मध्ये नेहर यांच्या लक्षात आले की, नळी अगदी ताजी व स्वच्छ असली आणि टेकविल्यावर तिच्यातून किंचित हवा ओढून घेतली, तर पडदा काचेला असा घट्ट चिकटतो की गळती शेकडो पटींनी कमी होते. ही हवा ओढण्याचे काम पुष्कळ प्रयोगशाळांत रबरी नळी तोंडात धरून केले जाते! कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांशेजारी हे दृश्य पाहून नवख्याला हसू यावे. ह्या पद्धतीचा सविस्तर लेख 1981 मध्ये आला, आणि बघता बघता ती जगभर पसरली. 1991 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना मिळाले.

नेहर ह्यांचे पुढील काम कॅल्शियमवरच होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या पेशी ॲड्रेनॅलिनच्या पुड्या सोडतात. पुडी सुटताना तिचे वेष्टण पेशीच्या पडद्याला मिळते, म्हणून पडदा तेवढा मोठा होतो. ही सूक्ष्म वाढ त्यांनी विजेने मोजली. रॉजर त्सिएन यांनी 1985 मध्ये एक रंगद्रव्य पुढे आणले होते. ते कॅल्शियमला चिकटले की त्याची चमक बदलते. ते पेशीत घालून नेहर यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहिल्या: कॅल्शियम किती चढले, आणि पुड्या किती सुटल्या. वर ज्या निरोप्याविषयी सांगितले, त्याची पावले अशी मोजली गेली.

रिंगर यांच्या हृदयाचे कोडेही असेच उलगडले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला स्नायुपेशीतील कॅल्शियमची दारे उघडतात. बाहेरून थोडे कॅल्शियम आत येते, आणि ते आतल्या कोठीची दारे उघडून तेथील साठा मोकळा करते. तोक्योचे सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात दाखविले की, हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते व मगच स्नायू आखडतो. लगेच सारे कॅल्शियम पुन्हा कोठीत व बाहेर, हृदय सैल. हे मिनिटाला सत्तरऐंशी वेळा, जन्मभर.

हे सारे वाचून आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, पंडितांचे हे खेळ आम्हां शेतकऱ्यांना काय होत? घरातील म्हातारी माणसे रक्तदाबासाठी रोज एक पांढरी गोळी घेतात. ती पुष्कळदा अम्लोडिपिनची असते. सरकारी दवाखान्यातूनही ती मिळते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील कॅल्शियमची दारे उघडण्यास अडथळा करते; भिंती सैल पडतात, वाट रुंद होते, दाब उतरतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी 1960 च्या दशकात ओळखले की, काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम कॅल्शियम काढून घेतल्यासारखाच असतो. तेथून ह्या गोळ्यांचे कुळ सुरू झाले. गोळी बंद केली की काही दिवसांत दारे पूर्ववत उघडू लागतात आणि दाब चढतो. "आता बरे वाटते" म्हणून ती परस्पर सोडणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. त्यांतील एक पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. ह्या गोळीने कोणाकोणाचे घोटे सुजतात. तसे झाल्यास डॉक्टरांस सांगावे, ते औषध बदलून देतात. आणि कोणी असे समजू नये की, ही गोळी कॅल्शियमविरुद्ध आहे म्हणून दूध वर्ज्य. दूध पिण्याने पेशीच्या दारांवर काही होत नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण गळ्यातील तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी सांभाळतात. कमी पडले तर हाडांच्या पेढीतून काढतात, जास्त झाले तर लघवीवाटे जाऊ देतात.

ही पेढी वेळेवर उघडली नाही तर काय होते, ते गोठ्यात दिसते. चांगली दुभती गाय, तिसरे-चौथे वेत, सुखरूप विते. दुसऱ्या दिवशी तिचे पाय लटपटतात, कान थंड पडतात, नाकपुडी कोरडी होते. मग ती खाली बसते, मान वळवून कुशीवर टाकते आणि उठत नाही. रवंथ बंद, पोट फुगलेले. घरात कुजबुज सुरू होते: कोणाची दृष्ट लागली, कोणी काही केले. मंत्र जाणणाऱ्याला बोलावणे जाते, तोवर दिवस मावळतो. ह्या रोगाला दुग्धज्वर म्हणतात. नाव अगदी चुकीचे आहे, कारण त्यात ताप मुळीच नसतो, उलट अंग थंड पडते. कारण साधे आहे. दहा लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक कॅल्शियम जाते. गाईच्या साऱ्या रक्तरसात ते एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम असते. हाडांची पेढी उघडून पुरवठा सुरू होण्यास एकदोन दिवस लागतात, आणि कासेला तेवढा धीर नसतो. कॅट्झ यांच्या बेडकात जे झाले तेच गोठ्यात होते. मज्जातंतूतून हुकूम येतो, पण टोकातून पुडी सुटत नाही. गाईला उठावयाचे असते. पायांपर्यंत तिचा निरोप पोहोचत नाही. (माणसांत कॅल्शियम उतरले असता उलट बोटांना मुंग्या येतात व हात आखडतात. आपल्यात मज्जातंतूंचा चिडचिडेपणा आधी प्रकट होतो, गाईत टोकांचा निकामीपणा.)

डेन्मार्कमध्ये श्मिट नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी 1897 मध्ये ह्या रोगावर कासेत औषधी पाणी भरण्याचा उपाय काढला, आणि मागाहून असे दिसून आले की नुसती हवा भरली तरी गाय उठते! फुगलेल्या कासेत दूध उतरत नाही, म्हणून कॅल्शियमची गळती थांबते. पण हे कारण तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. 1925 च्या सुमारास एडिंबरोचे ड्रायर आणि ग्रेग यांनी रक्तातील कॅल्शियमकडे बोट दाखविले. त्यानंतर शिरेतून कॅल्शियम देण्याची रीत पडली, ती आजही चालू आहे.

गाय बसली की त्याच तासाला गुरांच्या डॉक्टरांकडे माणूस धाडावा. फोन असेल तर तोही करावा. तोवर तिला एका कुशीवर आडवी पडू देऊ नये. दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या किंवा पोती लावून छातीवर बसती ठेवावी, आणि तोंडाने काही पाजू नये, कारण गिळण्याचा निरोपही पोहोचत नसतो व औषध फुप्फुसात जाते. डॉक्टर येऊन शिरेत बाटली लावतील. ती भराभर सोडा म्हणून त्यांना घाई करू नये. ते एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने गाईच्या छातीवर यंत्र ठेवून ठोके ऐकत बसतील. रिंगर यांनी बेडकात जे पाहिले त्याचीच ही भीती: एकदम फार कॅल्शियम गेले तर हृदय आखडून थांबते. बाटली हळूहळू अर्धी होते, तेव्हा गाईच्या मांड्या थरथरू लागतात, नाकपुडीवर दंव उमटते, ती ढेकर देते, शेण टाकते. पुष्कळदा बाटली संपल्यावर थोड्याच वेळात मागचे पाय आधी टेकून ती उभी राहते आणि वासराला हुंगते. त्यानंतर निदान एक दिवस कास पुरती रिकामी करू नये. वासराला लागेल तेवढाच चीक काढावा, आणि पुन्हा बसते का इकडे रात्री उठून लक्ष ठेवावे.